सात हिरवा, चार तपकिरी

केळीच्या बागेत असाल, चुलीपुढे असाल, नाहीतर बैठकीत मधोमध रेडिओ ठेवून बसला असाल, आहात तिथून ऐका. आज बोलायचं आहे ते एका कर्जाच्या अर्जावरून सुरू झालं.

माघ महिन्यातली गोष्ट. यावल तालुक्यातल्या आमच्या एका गटाची मासिक बैठक होती. हजेरी झाली, बचत जमा झाली, मग अंतर्गत कर्जाची मागणी विचारली. मागे बसलेली एक ताई म्हणाली, मला दोन हजार पाहिजेत. कारण काय लिहू, विचारलं तर गप्प. आपला नियम सगळ्यांना माहीत आहे, ठरावात कारण लिहावं लागतं. शेवटी शेजारणीनंच सांगितलं, "पोरीचं बाहेरचं बघायचंय."

पोरगी तिसरीत. शाळेच्या भिंतीवर नवीन वर्णमाला रंगवली होती, एकेका अक्षराला एकेक रंग. पोर भिंतीपुढे उभी राहिली आणि रडायलाच लागली. म्हणे, ही अक्षरं चुकीचे कपडे घालून उभी आहेत. क लाल नाही, क निळा आहे. म निळा नाही, म पांढरा आहे. पोरं हसली, मोठेही हसले. पोर शाळेत जाईना. घरी आजूबाजूच्या बायका म्हणाल्या, झपाटली असेल. एका भगताचं नाव निघालं. नारळ, कोंबडं आणि वर पैसे, असा दोन हजारांचा हिशेब झाला.

मी गटांचं काम करते त्याला आता अकरा वर्षं झाली. दवाखाना, बियाणं, शिलाई मशीन, मुलाची फी, शेळी, सगळी कारणं मी रजिस्टरात लिहिली आहेत. त्या दिवशी हात थांबला. कारण माझा क निळा नाही. राखाडी आहे, पावसाआधीच्या आभाळासारखा. पण त्याला रंग आहे. सातचा आकडा केळीच्या नव्या पानासारखा हिरवा आहे. चार तपकिरी, पिकलेल्या केळीवर ठिपके पडतात तसा. हे मी तोपर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. तेराजणी समोर बसल्या होत्या आणि पोरीची आई पदराचं टोक पिळत होती. मी म्हटलं, "ठराव लिहायच्या आधी माझं एक ऐका."

ते बोलले तेच आज तुमच्याशी बोलते, थोडं सविस्तर.

कोणाला अक्षर वाचताना रंग जाणवतो, कोणाला आवाज ऐकताना, कोणाला शब्द ऐकला की जिभेवर चव येते. एका जाणिवेला हात लावला की दुसरी आपोआप जागी होते. याला सिनेस्थेशिया म्हणतात. शब्द मूळचा ग्रीक, अर्थ साधा आहे, एकत्र येणारी जाणीव. मराठीत कोणी सहसंवेदन म्हणतं. मी मिसळलेल्या जाणिवा म्हणते, बैठकीत तेवढं पुरतं.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय, आपणही गोड आवाज म्हणतोच की. सासू तिखट बोलते, नणंद आंबट तोंड करते, साडीचा रंग भडक असतो, कुणाचे बोल कडू लागतात. बरोबर आहे, भाषेत आपण सगळ्याच मिसळतो. पण गोड आवाज म्हणताना आपल्या जिभेवर साखर येत नाही. काही लोकांच्या येते. ते ठरवून आणत नाहीत, आणि नको म्हटलं तरी ती थांबत नाही. मला सातचा आकडा हिरवा 'वाटावा' अशी माझी इच्छा नाही. तो हिरवा आहेच, गाय चारपायी आहे तितका. कागदावर मात्र तो काळ्या शाईचाच दिसतो, हेही मला दिसतं. हिरवेपण मनात उमटतं. बहुतेकांचं असंच असतं. थोड्यांना मात्र रंग समोर कागदावर पसरल्यासारखा दिसतो.

प्रकार पुष्कळ आहेत. वर्षाचे बारा महिने काहींना एखाद्या आकारात मांडलेले जाणवतात, बांगडीसारखे गोल, किंवा चढण असलेल्या रस्त्यासारखे, आणि ज्येष्ठ कुठे, पौष कुठे, ते बोटानं दाखवतात. काहींना आकड्यांचे स्वभाव असतात, नऊ तापट, दोन लाजरा. आणि काहींना समोरच्या माणसाच्या गालाला कोणी हात लावलेला दिसला की आपल्याच गालावर स्पर्श जाणवतो.

हे का होतं? आपल्या मेंदूत अक्षर-आकडा ओळखणारी जागा आणि रंग ओळखणारी जागा अगदी शेजारी शेजारी आहेत. व्ही. एस. रामचंद्रन हे मूळ तामिळनाडूचे डॉक्टर, अमेरिकेत कॅलिफोर्नियात मेंदूवर संशोधन करतात. त्यांनी आणि एडवर्ड हबर्ड यांनी २००१ साली असं मांडलं की या दोन जागांमध्ये काही माणसांत जास्तीचे धागे असतात. आपल्या भाषेत सांगायचं तर दोन वाफ्यांमधला बांध पातळ आहे. एका वाफ्यात पाणी सोडलं की शेजारचाही ओला होतो. लहान बाळाच्या मेंदूत असे जोड पुष्कळ असतात आणि वाढताना त्यातले बरेच छाटले जातात, आपण केळीच्या बुडाशी आलेली जास्तीची पिलं कापतो तसे. काहींची काही पिलं तशीच राहत असावीत. हे एकच कारण आहे असं सगळे शास्त्रज्ञ मानत नाहीत, दुसरीही मतं आहेत. पण ही गोष्ट घराण्यात चालते हे पक्कं आहे. ते लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

रामचंद्रन यांची एक परीक्षा मला फार आवडते. पानभर पाचचे आकडे छापायचे आणि त्यात थोडे दोनचे आकडे लपवायचे, असे की दोन-दोन जोडले तर त्रिकोण व्हावा. आकडे इंग्रजी, कोनेदार, त्यामुळे दोन आणि पाच एकमेकांच्या आरशातल्यासारखे दिसतात. आपण एकेक शोधत बसतो. पण ज्यांना आकडे रंगीत जाणवतात त्यांना त्रिकोण इतरांपेक्षा लवकर सापडतो, हिरव्या गवतात लाल मिरच्या पडल्यासारखा. थापा मारणाऱ्याला हे जमणार नाही.

दुसरी परीक्षा अजून सोपी आणि जुनी. माणसाला प्रत्येक अक्षराचा रंग विचारून लिहून ठेवायचा. सांगायचं नाही की पुन्हा विचारणार आहे. काही महिन्यांनी अचानक परत विचारायचं. मनानं रचून सांगणाऱ्याचे रंग बदलतात. ज्याला खरंच जाणवतं त्याचे जवळजवळ सगळे तेच राहतात. विसरायला तो काही पाठ करत नाही, तो नुसता बघून सांगतो.

अशी माणसं किती असतात? ब्रिटनमध्ये २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शंभरात साधारण चार निघाली, सगळे प्रकार धरून. तिथला आकडा आपल्याकडे जशाच्या तसा लावायचा नाही, पण अंदाज येतो, ही लाखात एक अशी गोष्ट नाही. त्याच अभ्यासात आणखी एक गंमत दिसली. त्याआधी समजूत होती की हे बायकांनाच जास्त असतं. कारण आधीचे अभ्यास वर्तमानपत्रात वगैरे आवाहन करून माणसं गोळा करत, आणि पुढे येणाऱ्यांत बायका जास्त असत. २००६ च्या अभ्यासात कोणी पुढे येण्याची वाट न बघता सरसकट माणसं तपासली, तर बायका-पुरुष जवळपास सारखे निघाले. म्हणजे जाणवत दोघांनाही होतं, पण सांगायला बायका पुढे येत होत्या. तिकडच्या बायका, बरं का. इकडे मी एकतीस वर्षांची होईपर्यंत तोंड उघडलं नव्हतं.

माझं सांगते. पहिलीत बाईंनी पाटीवर सात काढायला सांगितला. मी विचारलं, हिरवी खडू आहे का? पांढऱ्या खडूनं काढलेला सात मला उघडा वाटत होता. वर्ग हसला. घरी आजीला सांगितलं तर तिनं मीठ-मोहऱ्या उतरवल्या. तिच्या मनात मायाच होती. पण मला कळलं की ही सांगायची गोष्ट नाही. मुलीला अशा किती गोष्टी लवकर कळतात.

पाढे मात्र मला भराभर यायचे. घरातल्या सगळ्यांचे वाढदिवस, एसटीच्या गाड्यांचे नंबर, रंगाच्या माळेसारखे लक्षात राहायचे. आजही पन्नास-साठ सभासदांचे खाते क्रमांक मला तोंडपाठ आहेत. बायका म्हणतात, ताईचं डोकं कॉम्प्युटर आहे. डोकं साधंच आहे, आकड्यांनी साड्या नेसल्या आहेत इतकंच.

पण त्याच साड्यांनी एकदा फसवलं. इंग्रजी आकडे आम्ही नंतर शिकलो. बहुतेक इंग्रजी आकड्यांनी आपापल्या मराठी भावंडाचा रंग घेतला. एक आठ सोडून. इंग्रजी आठ दिसायला आपल्या मराठी चारसारखा. तो आला तो चारचा तपकिरी रंग नेसूनच. मराठी आठ माझा डाळिंबी आहे. समन्वयक झाल्यावर पहिल्याच वर्षी बँकेच्या पासबुकावरून, जे इंग्रजी आकड्यांत असतं, मी गटाच्या वहीत व्याजाची रक्कम उतरवली. अठराशेचे चौदाशे झाले. महिन्याच्या मेळाला चारशे रुपये कमी. पैसे कुठे गेले नव्हते, बँकेतच होते. पण दोन तास ते सापडेनात, आणि त्या दोन तासांत बायकांनी माझ्याकडे जसं बघितलं ते मी विसरले नाही. चूक सापडली तेव्हा नजरचूक झाली म्हणाले. रंगानं फसवलं असं सांगितलं असतं तर काम गेलं असतं, आणि शहाणी बाई ही ओळखही. त्यानंतर इंग्रजी आठ आला की मी त्याखाली पेन्सिलनं टिंब देते. आमच्या वह्यांमध्ये तुम्हाला ती टिंबं दिसतील.

याला नाव आहे हे मला कसं कळलं? बी.ए.ला मानसशास्त्राचा एक पेपर होता. संवेदनांच्या धड्यात एका चौकटीत चार ओळी होत्या, परीक्षेला न येणाऱ्या. फैजपूरहून येताना एसटीत उभ्या-उभ्या वाचल्या. दोनदा वाचल्या. गाडीत एवढी गर्दी, आणि मला वाटलं कोणीतरी मला नावानं हाक मारली. तरी घरी आल्यावर कुणाला सांगितलं नाही. पुस्तकातल्या चार ओळी एका बाजूला आणि आजीच्या मीठ-मोहऱ्या एका बाजूला, पारडं कुठे झुकेल ते माहीत होतं.

तर एवढं सगळं मी त्या बैठकीत बोलले. बायका गप्प. एकीनं विचारलं, "ताई, मंग माझ्या नावाचा रंग काय?" सांगितला, चिंतामणी. ती खूश झाली. मग सगळ्याच विचारायला लागल्या आणि बैठकीचं हळदीकुंकू झालं. एकीला तिच्या नावाचा रंग शेणासारखा निघाला, ती अजून माझ्यावर रागावलेली आहे.

आणि मग कोपऱ्यातून आवाज आला. त्या पोरीची आजी, म्हणजे कर्ज मागणाऱ्या ताईची सासू. सत्तरीच्या आसपास, अंगठा लावणारी, बैठकीत कधी बोलत नाही. म्हणाली, "मले वाटे सगळ्यायले असंच व्हतं." तिला अक्षरं येत नाहीत, म्हणून अक्षरांचे रंग नाहीत. तिला आवाज दिसतात. थोरल्या मुलाचा आवाज वाळूसारखा पिवळा, खरबरीत. भोंगा वाजला की काळ्या पट्ट्या. पखवाज वाजतो तेव्हा जमिनीवरून तांबड्या गोल भाकऱ्या निघाल्यासारख्या. ती म्हणाली, सप्ताहात ज्ञानेश्वरी वाचतात, त्यात हेच लिहिलंय, मग यात नवल काय?

मला एकदम आठवलं. म्हातारी बरोबर बोलत होती. आपल्या मुक्ताईचा भाऊ. तिच्या मुक्ताईनगरच्या देवळातून दर आषाढीला पालखी निघते, तुमच्यातल्या कितीतरी जणी तिच्याबरोबर चालल्या असतील. या भावानं नेवाशाला शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० साली, ज्ञानेश्वरी सांगितली. सहाव्या अध्यायाच्या सुरुवातीला ते आपल्या मराठी बोलीची गोडी वर्णन करतात. ते म्हणतात की ही बोली ऐकताना ऐकणाऱ्याची इंद्रियंच आपसांत भांडायला लागतील. शब्द खरं तर कानाचा, पण जिभेला त्यात चव हवी, नाकाला वास हवा, डोळ्यांना रूप हवं. घरात पुरणपोळीवरून पोरांची भांडणं लागावीत तसं. तुमच्या घरी ज्ञानेश्वरी असेल तर तो भाग काढून वाचा, नाहीतर वाचणाऱ्याला वाचायला सांगा.

ज्ञानदेवांना सिनेस्थेशिया होता असं मी म्हणत नाही. त्यांनी ती उपमा म्हणून वापरली, ऐकणाऱ्याला कौतुक वाटावं म्हणून. पण सव्वासातशे वर्षांपूर्वी जाणिवा एकमेकींत मिसळण्याची कल्पना मराठीत इतक्या थाटात येऊन गेली आहे. आणि त्या म्हातारीनं आयुष्यभर सप्ताहात ते ऐकून समजून घेतलं होतं की आपल्यासारखंच हे सगळ्यांचं. तिला कधी भीती वाटली नाही. तिच्या नातीला मात्र भगताकडे न्यायचं चाललं होतं, आणि ती कोपऱ्यात गप्प बसली होती, कारण सुनेनं नेमका त्रास काय हे तिला सांगितलंच नव्हतं.

त्याच शतकात देवगिरीला, यादवांच्या दरबारात, शार्ङ्गदेवानं संगीतरत्नाकर लिहिला. त्यात सातही सुरांना रंग दिलेले आहेत, सा कमळाचा, ग सोन्याचा, प काळा. ते परंपरेनं ठरलेले रंग, सगळ्यांना एकच. आपल्यासारख्यांचं तसं नसतं. माझा क राखाडी, त्या पोरीचा क निळा. दोघी बसलो तर भांडूच. व्लादिमिर नाबोकोव्ह नावाचा मोठा रशियन लेखक लहानपणी अक्षरांचे लाकडी ठोकळे रचत होता, आणि आईला म्हणाला, यांचे रंग सगळे चुकीचे आहेत. आपली पोर शाळेच्या भिंतीपुढे म्हणाली, अगदी तेच. फरक एवढाच की त्याची आई हसली नाही. तिलाही अक्षरं रंगीत जाणवत होती, आणि मायलेकांचे काही रंग जुळतही होते.

थोडं थोडं मिसळणं मात्र सगळ्यांतच आहे. आत्ता करून बघा. डोळ्यांपुढे दोन आकार आणा. एक बामणोदच्या भरताच्या वांग्यासारखा, गोल, गुबगुबीत. दुसरा बाभळीच्या काट्यांच्या जुडग्यासारखा. आता एकाचं नाव आहे बुबा आणि एकाचं किकी. बुबा कोण? तुम्ही म्हणालात वांगं. पंचवीस भाषांच्या लोकांना विचारून २०२२ साली एक अभ्यास आला, त्यात शंभरातल्या सुमारे बहात्तर जणांनी असंच सांगितलं. आवाजाला आकार नसतो, तरी आपण सगळ्यांनी तो दिला. म्हणून म्हणते, ज्यांचा बांध जास्त पातळ आहे ती माणसं दुसऱ्या जातीची नाहीत, त्याच शेतातली आहेत.

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण अर्धवट ऐकून कोणी आजार अंगावर काढायला नको. मी सांगते ते लहानपणापासून असतं, स्थिर असतं, आणि त्या माणसाला बहुधा त्याचा त्रास नसतो. आजारांच्या यादीत ते नाही, त्याला औषध नाही आणि लागतही नाही. पण मोठेपणी अचानक रंग किंवा उजेड चमकायला लागले, डोक्याला मार लागल्यावर सुरू झालं, त्यासोबत झटके येतात, शुद्ध हरपते, अर्धं डोकं फुटेल असं दुखतं, तर दवाखान्यात जायचं. आणि कोणाला कोणीही नसताना माणसांचे आवाज ऐकू येतात, ते शिव्या देतात, हुकूम सोडतात, तर ते हे नव्हे. त्यावर उपचार असतात आणि त्यांनी बरं वाटतं. चौदा-चार-सोळा, १४४१६, हा सरकारचा टेलिमानसचा फुकट नंबर आहे, मराठीत बोलता येतं. त्या पोरीलाही आम्ही आधी सरकारी दवाखान्यात दाखवलं. झटके येतात का, पडली होती का, डोळे कसे आहेत, सगळं विचारून डॉक्टरांनी ठीक आहे सांगितलं.

भगताकडे जाणारी आई मूर्ख नसते. तिला काळजी असते आणि विचारायला दुसरं कोणी नसतं. म्हणून त्या ताईवर मी रागावले नाही. पण एवढं माहीत असू द्या की भूत उतरवण्याच्या नावाखाली कोणाला मारणं, बांधणं, धुरी देणं, दवाखान्यात जाऊ न देणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे.

मग त्या दोन हजारांचं काय झालं? ताईनं मागणी मागे घेतली. तीनशे रुपये घेतले. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं, रंगीत पेन्सिली व वही. आमच्या गटाच्या इतिहासात असं कारण पहिल्यांदाच.

मी पोरीला बसवून तिची अक्षरं विचारली आणि कागदावर उतरवली. चाळीस अक्षरं. क मोरपिशी निळा, म पांढरा पण दुधाचा नाही कापसाचा, र विटकरी, ळ ला रंगच नाही, तो 'ओला' आहे. असं बारकं बोलायची की मी लिहिता लिहिता थांबायचे. कागद कर्ज रजिस्टरात ठेवून दिला. माझ्या भाच्यालाही तेच विचारलं, त्यानंही हौसेनं चाळीस रंग सांगितले. मग अखजी झाली, झोके उतरले, आणि मी परत दोघांना विचारलं. भाच्याचे चाळीसातले नऊ जुळले. पोरीचे अडतीस. उरलेल्या दोन अक्षरांबद्दल ती पहिल्यांदाही म्हणाली होती, नीट दिसत नाही. आईनं दोन्ही कागद शेजारी ठेवून बघितले. काही बोलली नाही. कागद घडी करून घेऊन गेली.

शाळेत मी आणि तिची आई दोघी जाऊन बोललो. भिंत कोणी परत रंगवणार नाही, तशी मागणीही नाही. एवढंच ठरलं की तिनं तिच्या वहीत तिच्या रंगानं लिहावं, आणि पाहुण्यांपुढे, वर्गापुढे तिला उभं करून 'सांग गं याच्या नावाचा रंग' असं कोणी करू नये. हे घरच्यांनाही सांगावं लागलं. आधी भूत म्हणणारे नंतर देवीचा अंश म्हणायला लागले होते. पोरीला दोन्ही नको आहे. तिला शाळेत जायचंय. गोंगाटात तिला रंगांची गर्दी होते, लग्नाच्या डीजेपुढे ती उभी राहत नाही, तेव्हा 'नखरे करते' म्हणू नये, बाजूला बसू द्यावं. आणि आठ-चारसारखी गफलत तिचीही कुठे होत असेल, तर ओरडण्याआधी विचारावं, तुला कसं दिसलं?

आता माझ्या नावाचं. माझं माहेरचं नाव म वरून होतं. माझा म पिवळा, हळदीसारखा नाही, लिंबासारखा. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवीन नाव लिहिलं, क वरून. सगळ्या टाळ्या वाजवत होत्या आणि मी तांदळात राखाडी बघत होते. नाव वाईट नाही, नवऱ्यानं आवडीनं निवडलं होतं. पण कोणी हाक मारली की अजून क्षणभर वाटतं, दुसऱ्याच कोणाला मारली. हे मी कोणत्या शब्दांत सांगणार होते? मला नाव आवडत नाही म्हटलं तर नवरा आवडत नाही असा अर्थ निघतो. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आता १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या बाळाच्या नावामागे आईचं नाव लागतं, तेव्हा आईनं कोणतं नाव सांगायचं यावरून आमच्या बैठकीत दोनदा चर्चा झाली आहे. ज्यांना रंग दिसत नाहीत अशा ताईही त्या दिवशी आपापली जुनी नावं काढून बसल्या. एकीला तिचं आधीचं नाव शेवटचं कोणी घेतलं ते आठवेना.

त्या बैठकीनंतर मी नवऱ्याला सांगितलं. सात हिरवा इथून सुरुवात करून नावापर्यंत आले. तो बराच वेळ गप्प होता. मग विचारलं, "माझ्या नावाचा रंग काय?" सगळे तेच विचारतात.

पोरीनंही विचारलं, अखजीनंतर ती कागदाला आली त्या दिवशी. मी दोन्ही नावं सांगितली, दोन्हींचे रंग सांगितले. तिनं मान हलवली, तिच्या हिशेबानं दोन्ही चुकीचे होते. पण मग तिनं पेन्सिलींच्या डब्यातून लिंबाच्या रंगाची पेन्सिल शोधली, स्वतःचा पांढरा बाजूला ठेवला, आणि रजिस्टरच्या पुठ्ठ्यावर माझं माहेरचं नाव पिवळ्या अक्षरांत लिहिलं. मोठं, थोडं तिरकं.

मागच्या महिन्यात लेखापरीक्षणाला ताई आल्या होत्या. पुठ्ठ्याकडे बघून त्यांनी विचारलं, हे नाव कोणाचं, सभासदांच्या यादीत तर दिसत नाही. म्हटलं, माझंच आहे.